कुपी दहा दंडांची

डांग्या खोकला हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, तो थेट गेल्या बुधवारी पुन्हा ऐकला. मधल्या काळात तो कुठे होता, काय करत होता, याची मी कधी चौकशी केली नव्हती. शाळेनं मात्र केली होती. संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी बूट काढतोय न काढतोय तोच लेकीनं एक कागद माझ्या नाकासमोर धरला. सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं डांग्या खोकल्याची लस घेतल्याचा दाखला सोमवारी सकाळी शाळेत द्यायचा. दाखला नाही, तर वर्गात प्रवेश नाही. खाली मुख्याध्यापिकांची सही होती आणि सहीचा धाक कमी पडू नये म्हणून वर शिक्काही होता.

"अगं, यावर मागच्या महिन्याची तारीख आहे!" मी म्हणालो.

"मी तेव्हाच फ्रिजवर लावला होता, बाबा. तुम्ही त्याच्यावर विजेचं बिल लावलंत."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी विजेच्या वाढत्या दरांबद्दल बोललो. पण लेक हटेना. कारण सोमवार हा काही साधा सोमवार नव्हता. त्या दिवशी सगळ्या शाळांच्या बँडची स्पर्धा होती आणि आमची लेक शाळेच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवते. अंगानं ती काडी आहे. ड्रम गळ्यात अडकवला की समोरून फक्त ड्रम चालत येताना दिसतो आणि खाली दोन पाय. पण वाजवते अशी, की शेजारच्या खिडक्यांच्या काचा दाद देतात. वर्षभर तिनं घरी उलट्या बादलीवर सराव केला. बादली फुटल्यावर सोफ्यावर केला. आमच्या सोफ्याची डावी बाजू आता कायमची बसली आहे, आणि पाहुणा तिकडे बसला की हळूहळू माझ्या दिशेनं घसरत येतो.

"मी नसले तर सर त्या ब तुकडीतल्या मुलाला उभं करणार," लेक म्हणाली. "त्यानं लस घेतलीये. बाबा, तो ड्रम वाजवत नाही हो, धोपटतो." एवढं बोलून ती आत गेली. रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही, म्हणून मला जास्त लागलं.

"एक सुई टोचायची, त्यात काय एवढं?" मी बायकोला म्हणालो. "उद्या सकाळी अर्धा तास उशिरा ऑफिसला जातो, काम फत्ते." बायको काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्या काही न बोलण्याचे मला निरनिराळे प्रकार ओळखता येतात. हा त्यातला काळजी करावी असा प्रकार होता.

सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "लस संपली." मोठ्या खासगी हॉस्पिटलात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, लस पुढच्या आठवड्यात येईल, तोवर तुमचं नाव लिहून ठेवू का? मी म्हणालो, ठेवा. त्यांनी विचारलं, "पेशंटला किती दिवसांपासून खोकला आहे?" मी म्हणालो, खोकला नाहीच आहे. त्या म्हणाल्या, "मग फोन कशाला केलात?" शेवटी सरकारी दवाखाना गाठला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी स्वतः पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसतो. लोक येतात, ओरडतात, नळाला आलेलं गढूळ पाणी बाटलीतून आणून माझ्या टेबलावर आपटतात. मी प्रत्येकाला हसून म्हणतो, "रांगेनं या, सगळ्यांचं ऐकून घेऊ." उभ्या आयुष्यात मी कुणावर आवाज चढवलेला नाही, कुणाच्या पुढे घुसलेलो नाही. दारात दोघं समोरासमोर आलो तर मी हटकून "आधी तुम्ही" म्हणतो आणि दार माझ्या नाकावर आपटतं. याचा मला आतून अभिमान आहे. होता, असं म्हणू या.

दवाखान्यात लसीच्या खोलीत एक फ्रिज, एक टेबल आणि एक सिस्टर होत्या. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लस आहे," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. "पण कुपी दहा जणांची असते. एकदा उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, नाहीतर उरलेली फेकून द्यायची. म्हणून दहा जण जमले तरच उघडतो."

"मग बाकीचे नऊ जण कुठे आहेत?"

"ते तुम्ही आणायचे. तुमच्या शाळेतले पालक गेल्या आठवड्यात गट करूनच येऊन गेले की! तुम्ही कुठे होता?"

मी कुठे होतो हे फ्रिजवरच्या विजेच्या बिलाला ठाऊक. मी विचारलं, "नऊ मुलं मी आणू कुठून?"

"मुलंच हवीत असं नाही. मोठ्यांनाही चालते. उलट घरात तान्हं बाळ असेल तर मोठ्यांनी घ्यायलाच हवी, पण येतंय कोण? शनिवारी सकाळी या. दुपारी बंद."

आम्ही राहतो त्या इमारतीत माणसं भरपूर आहेत. मला वाटलं, नऊ दंड म्हणजे चुटकीसरशी. शिवाय "आम्हाला सांगा हं काही लागलं तर" असं ही मंडळी जिन्यात भेटली की रोज म्हणतात. आता मला लागलं होतं.

पहिल्यांदा तळमजल्यावरच्या मॅनेजरकाकांकडे गेलो. हे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. बँकेनं त्यांना सोडलं, त्यांनी मॅनेजरपण सोडलं नाही. माझं बोलणं पुरतं व्हायच्या आतच ते म्हणाले, "डांग्या खोकला? आमच्या वेळी सगळ्यांना व्हायचा. ऐका कसा असतो." आणि त्यांनी करून दाखवला. मी असला खोकला कधी ऐकलेला नाही. ते खोकत राहिले, खोकत राहिले, मग श्वास आत घेताना त्यांच्या घशातून गंजलेलं फाटक उघडल्यासारखा लांबलचक आवाज आला. काकू पाणी घेऊन धावत आल्या. समोरच्या घरातून कुणीतरी "काय झालं हो?" असं विचारलं.

"असा," काका डोळे पुसत म्हणाले. "माझी धाकटी बहीण त्यानंच गेली." मग एकदम सावरून बसले. "ते असू द्या. मी लस घेणार नाही, मला या वयात गरज नाही. पण नियोजन माझ्यावर सोपवा."

नियोजन हा शब्द ऐकला की मी घाबरतो, कारण आमच्या इमारतीत नियोजन म्हणजे मीटिंग. ती त्याच संध्याकाळी गच्चीवर झाली. त्यात निघालेले मुद्दे असे, की मध आणि आलं घेतलं तर लस लागत नाही, लस घेतली तर मध आणि आलं घेऊ नये, लसीनं उंची वाढते आणि लसीनं उंची खुंटते. तिसऱ्या मजल्यावरचा व्यायामवाला, ज्याचे दंड बघून कुठलीही सिस्टर हरखून जाईल, तो म्हणाला, "आधी तुमच्या मुलीला टोचू दे. दोन दिवस बघू. काही झालं नाही तर आम्ही घेऊ." मी त्याला समजावलं, की तिला टोचायलाच आधी तुम्ही हवे आहात. तो म्हणाला, "म्हणजे आमच्यावर प्रयोग?" मीटिंगमध्ये खळबळ माजली.

तारलं ते शिवणवाल्या वहिनींनी. त्या दुसऱ्या मजल्यावर शिवणाचा वर्ग चालवतात आणि दिवसभर सुयांशीच व्यवहार असल्यामुळे त्यांना एका सुईचं काही वाटत नाही. "माझी दोन मुलं घ्या," त्या म्हणाल्या, "आणि वर्गातल्या चार मुलींना मी सांगते. कशा येत नाहीत बघते." त्यांच्यासमोर व्यायामवाल्याला माघार घेता येईना. तो आणि त्याचा मुलगा असे दोन. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, ज्याच्याकडे मी इतकी वर्षं पाव घेतोय, तो नववा. माझी लेक दहावी. मी तीनतीनदा मोजलं. बरोब्बर दहा.

पण मंडळी जमवणं वेगळं आणि मंडळी नेणं वेगळं. कुणी म्हणालं, गाडी हवी. गाडी ठरवली. कुणी म्हणालं, उपाशीपोटी लस घेतली तर चक्कर येते. बायकोनं शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांसाठी सँडविच केली. कुणी म्हणालं, येताना आइस्क्रीम असेल तर मुलं रडणार नाहीत. व्यायामवाल्यानं विचारलं, "मोठ्यांनाही मिळेल ना?" लेकीच्या एका दंडासाठी मी सहल काढून बसलो होतो. ऑफिसात साहेबांना सुट्टी मागताना कारण सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्हाला? या वयात? डांग्या?" आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली. नंतर दिवसभर माझ्या खिडकीकडे कुणी शिपाई फिरकला नाही.

शनिवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली. मॅनेजरकाका हातात छत्री घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले. ते देखरेखीसाठी येणार होते. वहिनी आल्या, त्यांची मुलं आली, चार मुली आल्या, बेकरीवाला आला. व्यायामवाल्याचा आणि त्याच्या मुलाचा मात्र पत्ता नव्हता. त्याचा फोन लागेना. तेवढ्यात वहिनींच्या मागून त्यांच्या जाऊबाई डोकावल्या.

"ह्या सहज आल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, येतेस तर ये, माझी मागेच झालीये, तूही टोचून घे."

मला तर देव पावला. दोन कमी होते, त्यातला एक भरून निघाला. उरलेला एक दवाखान्यात कुणीतरी मिळेल, असं म्हणून मी गाडी सोडायला सांगितली. बायको कानाशी येऊन म्हणाली, "अहो, नीट मोजा. ते दोघं मागाहून आले तर?" मी म्हणालो, "मोजलंय गं सगळं. मी आहे ना!" हे वाक्य मी आता आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही.

आम्ही दवाखान्यात पोचतोय तोच व्यायामवाला स्कूटरवरून मुलाला घेऊन आला. रात्रभर झोप लागली नव्हती म्हणाला. सिस्टरनी आमची पलटण पाहिली आणि त्यांना खरोखरच आनंद झाला. "वा! इतकी शिस्तीत मंडळी पहिल्यांदाच बघते," त्या म्हणाल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी फ्रिजमधून कुपी काढली, हलवली, टोपण उडवलं. "चला, पहिलं कोण?"

बायकोनं लेकीला पुढे ढकललं. लेकीनं बाहीही वर केली होती.

"अगं थांब," मी म्हणालो. "आपण बोलावलंय सगळ्यांना. आपणच पहिलं घुसायचं का? बरं दिसतं का ते?"

मग मी दारात उभा राहून एकेकाला आत सोडू लागलो. या मुलींनो, या ताई, तुम्ही आधी, नाही नाही, तुम्ही. जाऊबाई म्हणाल्या, "अहो, माझं काय, मी आपली शेवटी घेते." मी म्हणालो, "असं कसं, तुम्ही पाहुण्या!" बेकरीवाल्याला पाव भाजायला परत जायचं होतं, त्याला मध्ये घेतला. शेवटी माझी लेक दारात पोचली, तर मागून व्यायामवाला मुलाचा हात धरून घामाघूम होऊन आला. "दादा, आत्ताच्या आत्ता टोचायला सांगा, नाहीतर मी पळून जाईन." मी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला घेतलं. "घ्या, घ्या, तुम्ही दोघं आधी. ती काय, घरचीच आहे."

बापलेकांनी मिळून जो आरडाओरडा केला तो थांबल्यावर मी लेकीला आत नेलं. सिस्टरनी कुपी उजेडात धरली आणि उलटी केली.

"संपली."

"संपली म्हणजे?"

"दहा झाले."

लेकीची बाही तशीच खांद्यापर्यंत दुमडलेली होती. तिनं ती हळूहळू खाली केली आणि मनगटाचं बटण लावलं. "असू दे, बाबा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी वाजवेन." तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझीच इतकी चीड आली, की आजवर "आधी तुम्ही" म्हटलेली सगळी दारं जाऊन लाथेनं उघडावीत असं वाटलं.

बाहेर पलटणीत सँडविच वाटली जात होती. बातमी कळल्यावर सगळ्यांना फार वाईट वाटलं. फार वाईट वाटून सगळे गाडीत जाऊन बसले, कारण आइस्क्रीमवाल्याकडे गर्दी होण्याआधी पोचायचं होतं. व्यायामवाला एका हातानं दुसरा दंड धरून म्हणाला, "काही दुखत नाही हो, उगाच घाबरतात लोक." वहिनींनी मात्र माझ्या बायकोचा हात धरला, पण वर्गातल्या मुली त्यांच्या जबाबदारीवर आलेल्या, त्यांना जावंच लागलं. गाडी गेली. मागे राहिले फक्त मॅनेजरकाका, कारण देखरेख अर्धवट टाकून जाणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं.

"तुमच्या नियोजनात त्रुटी राहिली," ते म्हणाले.

"काका," बायको म्हणाली, "जरा गप्प बसता का?" मग ती सरळ सिस्टरसमोर जाऊन उभी राहिली. "अजून दहा आणले तर दुसरी कुपी उघडाल?"

"उघडेन की. पण तासाभरात बंद होतं."

"मी एक. मुलगी दोन. हे तीन." हे म्हणजे मी. मला सुईची भीती वाटते, हे मी इतका वेळ कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आता सांगायची सोयही राहिली नव्हती.

लसीच्या खोलीसमोर डोळ्यांचा विभाग होता. तिथे बाकांवर बरीच वयस्क मंडळी डोळ्यांत औषध घालून, माना मागे टेकवून, डोळे मिटून बसली होती. बाहुली मोठी होईपर्यंत त्यांना तसंच बसायचं असतं. मी त्यांच्यासमोर गेलो. नेहमीच्या सवयीनं हळूच म्हणालो, "माफ करा हं, जरा त्रास देतो..." कुणी हललं नाही. मी मागे वळून पाहिलं. लेक भिंतीला टेकून उभी होती आणि दोन बोटांनी मांडीवर काहीतरी ठेका धरत होती. तिचं तिलाही कळत नव्हतं.

मग माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो माझा आहे हे मला नंतर पटवून घ्यावं लागलं.

"ऐका! सगळ्यांनी ऐका! समोर डांग्या खोकल्याची लस आहे! दहा जण झाल्याशिवाय कुपी उघडत नाहीत आणि माझ्या मुलीला ती आजच हवी आहे! ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी तर घ्यायलाच हवी, हे सिस्टर सांगतायत, मी नाही! कोण येतंय?"

सगळे डोळे मिटलेले चेहरे माझ्याकडे वळले. एका आजोबांनी विचारलं, "चष्म्याचा नंबर तिथे काढतात का?" मी म्हणालो, "नाही आजोबा, सुई टोचतात." ते म्हणाले, "मग नको." मी म्हणालो, "घरी लहान बाळ आहे का?" ते म्हणाले, "पणती आहे." मी म्हणालो, "मग उठा!" आणि ते उठले.

कोपऱ्यातल्या एक आजी चाचपडत उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेला महिन्याचं बाळ आहे. मी जवळ गेले की म्हणते, आई, आधी ती लस घेऊन या. मी म्हणायचे, फॅडं आहेत तुमची. कुठे आहे हो दार?"

मग एकेक करत अजून चौघं उठले. कुणाला दिसत नव्हतं, म्हणून एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात ठेवून, सगळ्यात पुढे लेकीला ठेवून आम्ही रांग समोरच्या खोलीत आणली. सिस्टरनी मोजलं. "नऊ. एक कमी."

सगळ्यांनी, म्हणजे ज्यांना दिसत होतं त्यांनी, मॅनेजरकाकांकडे पाहिलं.

"मला या वयात गरज नाही," काका म्हणाले. पण छत्री त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. त्यांच्या बहिणीची गोष्ट मी घरी सांगितली होती. लेक त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या बहिणीचं नाव काय होतं?" काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी नाव सांगितलं नाही, पण कोटाची बटणं सोडायला लागले.

फ्रिज उघडला, टोपण उडालं. काका रांगेच्या पुढे येऊन उभे राहिले आणि त्यांच्यातला मॅनेजर पुन्हा जागा झाला. "हे बघा, शिस्त महत्त्वाची. वयाप्रमाणे जाऊ. ज्येष्ठ आधी, मग बाकीचे, लहानांनी सगळ्यात शेवटी."

"बरोबर आहे," पणतीवाले आजोबा म्हणाले.

आजीही पुढे सरकल्या. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले होते. जिभेवर माझे नेहमीचे दोन शब्द तयारच होते, उभ्या जन्माची सवय ती.

"नाही," मी म्हणालो. "आधी माझी मुलगी."

"अहो, पण वडीलधाऱ्यांना..."

"आधी माझी मुलगी! तिची सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत कुणी पुढे पाऊल टाकायचं नाही!" मी दारात आडवा हात लावून उभा राहिलो. लेकीनं बाही वर केली. सुई टोचली तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही, ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"काय उद्धट माणूस आहे," आजी मिटल्या डोळ्यांनी शेजारच्याला म्हणाल्या. "कुणाचा कोण, काही रीतभात नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी उद्धट म्हटलं होतं. मला इतकं बरं वाटलं, की बायकोनं मला खुर्चीत ढकलून माझी बाही केव्हा वर केली ते कळलंच नाही.